आतनं कडी नको

कडेगावचा शिवतेज पाटणला नवं दार बसवायला आला आणि पहिल्याच दिवशी त्या घरातल्या संयोगितानं त्याला झापलं.

"आतनं कडी लावाय कुणी सांगितली तुमास्नी?"

"दाराला कडी नको? मग काय नुसतं तोरण बांधू?"

"काढा. आबा रानातनं यायच्या आधी काढा."

तो स्क्रू सोडवायला लागला. तिनं तळहात पुढं केला. हा एकेक स्क्रू ठेवतोय... सावकाश.

"एकदम द्या की."

"पडतील."

"व्हय? एवढा बारका हात हाय माझा?"

तेवढ्यात तिचे आबा आलेच. दारावरची भोकं बघून उंबऱ्यावर टेकले.

"सदुसष्टच्या भूकंपात आमची मनुअक्का आत हुती. आमी भायेर, ती आतनं 'आले, आले' म्हणतीय. चौकट दबलेली, कडी निघंना. मग भिंत आली अंगावर." आबांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "तवापास्नं या आळीत कुणी आतनं कडी लावत न्हाई."

"आन् चोर आला तर?"

"येऊ दे की. आळीत म्हातारी लय. निम्मी जागीच असत्यात."

त्यानंतर शिवतेज सारखा पाटणला. दार घासतंय का बघायला!

"न्हाई घासत," संयोगिता सांगायची.

"मग चहा तरी?"

"चहाला दार कशाला पायजे? सरळ मागा की."

एकदा त्यानं सरळच मागितलं... चहा नव्हे. तिनं उलट विचारलं.

"तुमच्यात कडी लावत्यात?"

"आईला त्याबिगर झोप न्हाई."

"मला कडी लावली की झोप येत न्हाई." एवढं बोलून ती आत गेली.

तरी आबा तिला घेऊन कडेगावला घर बघायला आलेच. चहा झाला, पोहे झाले. संयोगिताची नजर दाराच्या जाडजूड कडीवर. शिवतेजच्या आईनं, बनुबाईनं ते हेरलं.

"आमचं मालक मिल्ट्रीत. कडी लावूनच पोरं वाढवली मी. लय भ्या वाटायचं."

"आवं, आता मी असंन की घरात," संयोगिता बोलून गेली. "मला लगीच जाग येती."

आबा खोकले. शिवतेजनं बशी खाली ठेवली. बनुबाई शिवतेजकडं वळली.

"काढ रं कडी," ती म्हणाली. "पण माझी झोप उडाली तर परत लावीन. आदीच सांगते."

शिवतेज पाना-पेचकस घेऊन आला. पहिला स्क्रू सुटला. संयोगितानं पदर सावरत तळहात पुढं केला.

"एकेकच द्या," ती म्हणाली. "सावकाश."