हात वर करायचा नसतो

ती आली होती चपला सांभाळायला. मामेबहिणीने हौसेने सर्फिंगचा क्लास लावला होता आणि हिने छत्रीखाली पुस्तक वाचत बसायचं, असं दोघींचं ठरलं होतं. पण मामेबहीण अंगाला क्रीम चोपडत बसली, आणि बोर्डांच्या शेडमधून आलेल्या एका उंच, रापलेल्या माणसाने समोर दिसली तिच्याच खांद्याला एक भलामोठा निळा बोर्ड टेकवून दिला.

"तुम्हीच ना नवीन?"

"नाही, मी... मी चपला..." तिने दोन्ही हातांतले जोड वर करून दाखवले.

तो हसला नाही. हसला असता तर ती तणतणत निघून गेली असती आणि ही गोष्ट इथेच संपली असती.

"पाण्याला घाबरता?"

"घाबरत नाही. आम्ही एकमेकांना भेटतच नाही."

"घाबरू नका, काही होत नाही."

"हे वाक्य मी दिवसभर लोकांना सांगते. दातांची डॉक्टर आहे मी. खोटं असतं ते."

आता मात्र तो हसला. "बरं, मग खरं सांगतो. नाकातोंडात पाणी जातं, गुडघे सोलवटतात आणि पहिल्या दिवशी कुणीही धड उभं राहत नाही. येताय?"

का कोण जाणे, पण ती गेली. चपलांचे जोड छत्रीखाली ठेवले आणि गेली.

तिची भीती काही आजची नव्हती. लहानपणी पोहायला शिकवताना काकांनी पोटाखाली हात धरला होता. "मी धरलंय, घाबरू नकोस," असं म्हणत म्हणत त्यांनी तो हळूच काढून घेतला. ती तळाशी गेली. वर काढल्यावर सगळं घर हसत होतं. त्या दिवसापासून ती पाण्यात उतरली नाही, आणि "मी आहे ना" म्हणणाऱ्या माणसावरही तिने कधी भार टाकला नाही. एक-दोन चांगली स्थळं तेवढ्यावरून हातची गेली, असं तिच्या आईचं म्हणणं.

हा माणूस, ज्याला सगळे मास्तर म्हणत, बोर्डाचं मागचं टोक धरायचा आणि आधी विचारायचा, "सोडू?"

"नको!"

"बरं."

एवढंच. लाटेमागून लाट जायची, बाकीची मंडळी धडपडत पडायची, ही मात्र बोर्डावर पालथी पडून डोळे गच्च मिटून घ्यायची.

"सोडू?"

"नको म्हटलं ना!"

"नाही सोडत. पण डोळे तरी उघडा... मी इतका वाईट दिसत नाही."

तिने एक डोळा उघडला. दिसत नव्हता वाईट.

सगळ्यांना त्याने एक गोष्ट मात्र दरडावून सांगितली होती. "हात डोक्यावर नेऊन हलवायचा तो फक्त बुडताना. कुणाला टाटा करायचा असेल तर किनाऱ्यावर येऊन करा."

संध्याकाळी लॉजच्या खोलीत, चादरीतली वाळू झटकता झटकता मामेबहीण म्हणाली, "मास्तर आमचे बोर्ड एका हाताने धरतात. तुझा दोन्ही हातांनी. डॉक्टरीणबाई, लक्ष आहे का?"

"गप गं." लक्ष होतं. म्हणूनच झोप लागेना. परवा हा माणूस दिसणार नाही, या विचाराने तिला धस्स होत होतं, आणि अशा धस्स होण्याचीच तिला पाण्याहून जास्त भीती होती.

शेवटच्या सकाळी त्याने विचारलं, "सोडू?"

तिने मान वळवून त्याचे हात बघितले. मग म्हणाली, "सोडा."

लाटेने बोर्ड उचलला. ती गुडघ्यावर आली, मग... उभी! क्षणभर सगळं जग तिच्या पायाखालून सरसर धावलं आणि ती धपकन आडवी झाली. खोकत, हसत ती बोर्डावर चढून बसली. पाणी तिला हळूहळू आत ओढतंय, याचा तिला पत्ताच नव्हता. मास्तर लांब मामेबहिणीजवळ पोचला होता. त्याने मान वळवली तशी तिने दोन्ही हात उंच करून जोरजोरात हलवले. "उभी राहिले! मी उभी राहिले!"

शब्द वाऱ्यावर गेले. त्याला दिसले ते फक्त हात.

तो पाण्यात झेपावला. मधे ओढीचा खोल पट्टा होता, तिथे जाऊ नका म्हणून त्यानेच बजावलं होतं. एक मोठी लाट त्याच्यावर फुटली. फेस पसरला, विरला. डोकं दिसेना.

आता दिसेल. आता...

दिसलं नाही. तिने हाक मारली, पुन्हा मारली. आणि मग जन्मात केलं नसतं ते तिने केलं. बोर्डावरून घसरून ती पाण्यात उतरली. पायाखाली तळ नव्हता. बोर्डाची दोरी तेवढी पायाला होती. ती हातपाय मारत त्याच्या दिशेने निघाली.

कुणीतरी तिचा दंड धरला. तो होता, धापा टाकत. त्याने तिला ओढून बोर्डाला धरवलं.

"काय झालं? कुठे लागलं? बोल ना!"

"उभी राहिले... तेच सांगत होते."

तो बघतच राहिला. "वेडी आहेस का तू? हात वर करायचा नसतो म्हणून किती वेळा..." तो थांबला. "सॉरी. तुम्ही."

"आणि तू रे? इतका वेळ पाण्याखाली काय करत होतास? जीव गेला असता ना माझा!"

त्याने बोर्ड रेटत तिला पाय टेकतील इतक्या पाण्यात आणलं.

"तुझा हात थरथरतोय," ती म्हणाली.

"थंडी."

"पाणी कोमट आहे."

"...घाबरलो होतो. हात तर रोज कुणी ना कुणी वर करतं. पण असा कधी घाबरलो नव्हतो." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "उद्या तुझी गाडी आहे ना?"

तिची छाती धडधडत होती. तळाशी जातानाही अशी धडधडली नव्हती.

"गाड्या काय, रोजच असतात," ती म्हणाली.

त्याने मान वर केली. तिने त्याच्या खारट गालावर ओठ टेकवले आणि या वेळी डोळे मिटले ते भीतीने नव्हे. किनाऱ्यावरून मामेबहीण जिवाच्या आकांताने ओरडत होती, "अगं, मागे लाट! मागे बघा, लाट!"

दोघांनाही ऐकू गेलं नाही.