काटा खाली येईना

गाडी नेमकी गॅरेजच्या दारातच बंद पडली, यात नशिबाचा हात होता की गाडीतल्या पंपाचा, हे गॅरेजवाल्याच्या मुलीला अजूनही ठरवता आलेलं नाही. गाडी सुरू करायला ढकलून ढकलून घामाघूम झालेला, बुटांना शेण लागलेला एक उंच तरुण आत आला.

“जरा बघता का? थोडा वेळ उभी केली की पुन्हा निघायचं नावच घेत नाही. अडूनच बसते.”

“बैलाबद्दल बोलताय की गाडीबद्दल?”

“सवय हो... गुरांचा डॉक्टर आहे मी.”

ती खळखळून हसली. गॅरेज वडिलांचं होतं, पण इंजिनातलं अवघड दुखणं आलं की बाबा हात पुसून बाजूला व्हायचे आणि तिला पुढे करायचे. तिने पेट्रोलच्या नळीला दाब मोजायचा गेज जोडला आणि किल्ली फिरवली. काटा झर्रकन वर गेला. किल्ली बंद करताच तसाच घसरत खाली आला.

“पंप दाब देतो, पण धरून ठेवत नाही. आतली झडप गळतेय. नवा पंप मागवावा लागेल.”

पंप यायला वेळ लागला. फोनवर विचारूनही भागलं असतं, पण डॉक्टर रोज संध्याकाळी वाट वाकडी करून यायचे. “आला का?” “नाही.” एवढं झालं की दोघं अडलेल्या गाईपासून झिजलेल्या क्लचपर्यंत कशावरही बोलत बसायची. बाबा टायरमागे बसून सगळं ऐकायचे आणि काही ऐकलंच नाही असं दाखवायचे.

शेवटी पंप आला. त्याच दिवशी डॉक्टरांच्या बदलीची ऑर्डरही आली.

“उद्या सकाळीच निघायचंय. लांबचा पल्ला आहे. गाडी दगा नाही ना देणार?”

तिने पाना उचलला. हातांनी आपलं काम चोख केलं. पंप बसला, गेज जोडला गेला.

“फिरवा किल्ली... हं, आता बंद. दहा मिनिटं काटा जागचा हलला नाही, तर गाडी ठणठणीत.”

दोघं बॉनेटखाली वाकून उभी राहिली. त्यांचा खांदा तिच्या खांद्याला लागला — आणि तिथेच राहिला.

“इतकं डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं?”

“गाडी पेट्रोलची आहे, डॉक्टर. तेल नका घालू.”

दहा मिनिटं झाली. काटा तसूभरही हलला नव्हता.

“झालं?”

“अजून... जरा थांबू या.”

गेजच्या बाबतीत ती आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलली. बाबांनी आणून ठेवलेला चहा गार झाला, दारातलं ऊन भिंतीवर चढलं. शेवटी बाबाच ओरडले, “अगं, त्या काट्याला म्हातारा करणार आहेस का?”

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण आडून आडून बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती सरळ उभी राहिली.

“डॉक्टर, गाडी केव्हाच पास झालीय. मीच सोडत नाहीये. तुम्ही मला आवडता. जा खुशाल... पण माझ्याकडे परत या.”

डॉक्टर हसले.

“दहा मिनिटं झालेली मलाही कळली होती.”

“मग बोलला का नाहीत?”

“काटा खाली यावा म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो! गाडी नापास झाली असती, तर उद्याचा दिवस तरी तुमच्याजवळ मिळाला असता.”

त्यांनी तिचं ग्रीसने माखलेलं मनगट हातात घेतलं आणि नाडीवर बोटं ठेवली.

“बापरे... दाब बराच चढलाय.”

“टिकतो का बघा.”

“किती वेळ बघायचं?”

“दहा मिनिटांत नाही कळत ते,” ती म्हणाली. “रविवारी या.”

रविवारी दुपारी तीच गाडी पुन्हा गॅरेजच्या दारात थांबली. या वेळी ती बंद पडलेली नव्हती.