न पडता म्हातारा झालेला कंठफोन

बाबांचा फोन आणि आण्णांचा फोन एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणला होता. त्याला सहा वर्षं झाली. बाबांचा फोन दोनदा बादलीत पडलाय, एकदा कपाटावरून खाली आलाय, तरी ठणठणीत आहे. आण्णांच्या फोनवर साधा ओरखडा नाही, कारण आण्णा झोपताना त्याला मऊ फडक्यात गुंडाळून ठेवतात. आणि त्या मंगळवारी सकाळी म्हातारा कुठला झाला, तर आण्णांचा! मला हे कोडं काही केल्या सुटेना. न पडता, न फुटता फोन म्हातारा होतोच कसा?

आधी आण्णांबद्दल सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या फोनचं. आण्णा म्हणजे माझे आजोबा, बाहुबली बिरनाळे. आमच्या सांगली भागात कुस्तीचं मैदान असलं की कर्ण्यावर निवेदन करायला आण्णाच लागायचे. पैलवान कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, कुठला डाव टाकतोय, सगळं ते इतक्या रंगात सांगायचे की मागे बसलेल्यांना दिसलं नाही तरी चालायचं. मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र (गळ्यातला आवाज तयार करणारा अवयव) काढून टाकावं लागलं.

तेव्हापासून आण्णा कंठफोन घालतात. आता सगळेच फोन गळ्यात घालतात, पण आण्णांचा खास आहे. ते ओठ हलवतात, गळ्याचे स्नायू हलतात, फोन त्या हालचाली ओळखतो आणि आण्णांच्याच आवाजात बोलतो. ऑपरेशनच्या आधी तीन आठवडे त्यांनी रोज त्याला वाक्यं ऐकवून आपला आवाज शिकवला होता. थोडक्यात, तो फोन म्हणजे आण्णांचा गळाच आहे.

फोनची पट्टी हनुवटीखाली येते, त्यामुळे तिच्यावरचा मजकूर आण्णांना दिसत नाही. तो वाचायचं काम माझं. मंगळवारी मी वाचलं, "या यंत्राला आता सुरक्षा-दुरुस्ती मिळत नाही. नव्या नियमानुसार नऊ दिवसांनी आवाजाचा कप्पा बंद होईल."

"म्हणजे काय गं?" आण्णांनी विचारलं.

मला सांगवेना. पण आण्णांपासून काही लपवायला गेलं की माझे कान लाल होतात, म्हणून सांगून टाकलं. हल्ली चोर दुसऱ्याचा आवाज पळवतात आणि त्याच्या घरच्यांना फसवतात. म्हणून ज्या फोनमधली भगदाडं वेळच्या वेळी बुजवली जात नाहीत, त्याने कुणाचा आवाज जवळ ठेवायचा नाही, असा नियम निघाला होता. नियम चुकीचा नव्हता. फक्त तो आमच्या आण्णांवर येऊन पडला होता.

बाबांनी लगेच तोडगा काढला. "आण्णा, तुम्ही माझ्यासारखा कोंदण कंपनीचा फोन घ्या. दुरुस्ती आली की त्याच दिवशी मिळते. मला सहा वर्षांत काही बघावं लागलं नाही."

आम्ही दुकानात गेलो. तिथल्या ताईंनी नवा कंठफोन आण्णांच्या गळ्यात घातला आणि सांगितलं, "चौदा आवाज तयार आहेत, आवडेल तो निवडा." बाबांनी आण्णांचा जुना आवाज यात घालता येईल का, असं विचारलं. ताई म्हणाल्या, "नाही हो काका. कोंदणमध्ये ज्याचा आवाज, त्याने इथे बसून स्वतःच्या गळ्यानं तीनशे वाक्यं म्हणायची. बाहेरून आणलेला आवाज चालत नाही. नाहीतर कुणीही कुणाचाही आणेल."

आण्णांनी सातव्या क्रमांकाचा आवाज लावून बघितला. "पद्मजा, घरी चल," फोन म्हणाला. आवाज छान होता, एकदम बातम्या देणाऱ्या माणसासारखा. आण्णांनी तो फोन काढून अलगद टेबलावर ठेवला आणि माझा हात धरून बाहेर आले. 

दुसऱ्या दिवशी मी आण्णांना मगदूम काकूंच्या दुरुस्तीघरात नेलं. काकू आधी मोठ्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी गणेशनगरात हे दुरुस्तीघर काढलं. लोक मोडकी यंत्रं घेऊन येतात आणि काकू दुरुस्त करून देत नाहीत, दुरुस्त करायला शिकवतात. त्यामुळे आळशी लोक तिकडे फिरकत नाहीत.

मी माझं कोडं काकूंसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "फोनचं शरीर म्हातारं झालेलं नाही. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम (यंत्राला चालवणारी मूळ आज्ञावली) मागे पडलीय. बाहेर चोर रोज नवी युक्ती शिकतात. आज्ञावलीनंही शिकत राहायला पाहिजे. ते शिकवणं म्हणजे अपडेट. ते थांबलं की फोन म्हातारा."

"मग बाबांचा का नाही झाला?"

"आण्णा, तुम्हीच सांगा," काकू म्हणाल्या. "एखाद्या तालमीत वस्तादाच्या परवानगीशिवाय कुणी आत येत नाही. खुराक त्याचा, व्यायाम त्याचा. सकाळी त्याने सांगितलं की हा डाव असा नाही, तसा टाका, तर काय होईल?"

"संध्याकाळपर्यंत सगळी पोरं तसाच टाकतील," आण्णा म्हणाले.

"हिच्या बाबांचं, तुमच्या श्रेणिकचं, कोंदण तसं आहे. फोन बनवणारी आणि आज्ञावली लिहिणारी कंपनी एकच. दुरुस्ती निघाली की त्याच दिवशी सगळ्यांना पोचते. पण तिथली आज्ञावली बाहेरच्या कुणाला वाचता येत नाही. वस्ताद नाही म्हणाला की नाही." मग त्यांनी आण्णांच्या फोनला बोट लावलं. "तुमचा फोन अंगणचा. अंगण ही मुक्त आज्ञावली (कुणीही वाचावी, बदलावी अशी उघडी ठेवलेली) आहे. ती शंभर कंपन्यांनी घेतली आणि प्रत्येकीनं आपल्या फोनसाठी तिच्यात फेरफार केले. आता मूळ अंगणात दुरुस्ती झाली, तर ती आधी कंपनीकडे जाते. कंपनी ती आपल्या फेरफारांशी जुळवते, तपासते, मग तुमच्याकडे पाठवते. म्हणून उशीर. आणि एखादी कंपनी म्हणाली, जुन्या फोनसाठी एवढा खटाटोप कोण करणार, तर दुरुस्ती वाटेतच राहते."

असं होतं तर! म्हणजे फोन घेताना रंग, आकार बघण्याआधी दुरुस्ती किती वर्षं देणार, हे विचारायचं असतं. आम्ही आण्णांना कुठला रंग शोभेल यावर अर्धा तास वाद घातला होता.

"पण जे उघडं आहे ते दुसरं कुणी दुरुस्त करू शकतं," काकू पुढे म्हणाल्या. "या फोनसाठी एक देखभाल मंडळ आहे. जगभरातली हौशी माणसं आहेत, एकमेकांना न भेटलेली. त्यांची आज्ञावली घातली की फोन नियमात बसेल. फक्त ती घालताना कंपनीचं कुलूप उघडावं लागतं, आणि कुलूप उघडलं की आतलं सगळं पुसलं जातं. चोरानं उघडलं तर त्याच्या हाती काही लागू नये, म्हणून."

"आवाजसुद्धा?"

"तो आधी बाहेर काढून ठेवायचा. कंपनीनं जाता जाता शेवटच्या अपडेटमध्ये तशी सोय दिली होती." काकूंनी फोन आपल्या यंत्राला जोडला आणि बराच वेळ बघत राहिल्या. "ते अपडेट इथे नाही. सलग एकेचाळीस वेळा कुणीतरी 'नंतर' दाबलंय. आता कंपनीनं ते देणंही बंद केलंय."

 ते कुणीतरी म्हणजे मी.

झालं होतं असं, की चार वर्षांपूर्वी एका मैदानात शेवटची मोठी कुस्ती ऐन रंगात असताना आण्णांचा फोन अपडेटसाठी बंद पडला. अकरा मिनिटं! पैलवानानं घिस्सा डाव मारून कुस्ती निकाली केली, लोकांनी फेटे उडवले, आणि आण्णा मुक्यानं बघत उभे राहिले. तेव्हापासून त्यांनी मला हुकूमच दिला होता, मैदानं संपेपर्यंत अपडेट घ्यायचं नाही. आता आमच्याकडे मैदानं संपतात कधी? या गावची जत्रा झाली की त्या गावची. मी आपली इमानदारीत दर वेळी 'नंतर' दाबत राहिले.

मी रडायला लागले. आण्णांनी मला जवळ घेतलं. त्यांचा फोन माझ्या कानाशी आला. "बटण तू दाबलंस, पण हुकूम माझा होता," ते म्हणाले. "मी आख्ख्या जिल्ह्याला डाव समजावत फिरलो आणि आपल्याच गळ्यातलं यंत्र कधी समजून घेतलं नाही. रडू नकोस. आता काय करायचं ते काकूंना विचार."

एकच वाट उरली होती. जुना आवाज पुसू द्यायचा आणि अंगणात नवा घडवायचा. तिथे यंत्राच्या नव्हे, पण खऱ्या गळ्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून आवाज घडवता येतो, फक्त ज्याचा आवाज त्याला मंडळासमोर स्वतः संमती द्यावी लागते. आण्णांनी दिली. बाबांना ते पटत नव्हतं. "अनोळखी माणसांच्या भरवशावर आण्णांचा गळा सोडायचा?" ते म्हणाले. काकूंनी त्यांना उडवून लावलं नाही. "शंका बरोबर आहे, श्रेणिक. उघडी आज्ञावली आपोआप सुरक्षित नसते. ती कुणीतरी खरंच वाचत असेल, तरच. हे मंडळ दर महिन्याला दुरुस्ती काढतं, मी तपासलंय. ज्या दिवशी ते थांबेल, त्या दिवशी परत विचार करू."

मग मी आणि बाबांनी गावोगावी निरोप धाडले. आण्णांचं ऑपरेशनआधीचं निवेदन कुणाकडे असेल तर पाठवा. कवठेपिरान, बोरगाव, कुंडल, कुठून कुठून माणसांनी पाठवलं. चार दिवसांत बावन्न तासांचं निवेदन जमलं. सातव्या दिवशी काकूंनी कुलूप उघडलं. फोनची पट्टी काळी झाली. तिच्यावर परत उजेड येईपर्यंत बाबा माझा खांदा घट्ट धरून उभे होते.

आण्णांनी फोन घातला आणि ओठ हलवले.

"श्रेणिऽऽक! चहाऽऽ घेणार काऽऽ!"

समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. आवाज आण्णांचाच होता, पण सगळा मैदानावरचा. बावन्न तासांत आण्णा एकदाही हळू बोलले नव्हते. हसून हसून आमच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण दोन दिवसांनी मला ताप भरला, आण्णा माझ्या डोक्यावर हात फिरवत म्हणाले, "झोऽऽप बाळा!", आणि मी दचकून उठून बसले. त्यानंतर आण्णा घरात बोलेनासे झाले. परत मिळालेला आवाज ते फक्त बाहेर वापरायचे.

मी काकूंना म्हटलं, आवाज बारीक करायचं बटण आहे की. काकू म्हणाल्या, "करून बघ." मी केला. ते कुणीतरी फार लांबून ओरडतंय असं वाटलं. तेव्हा मला कळलं की हळू बोलणं म्हणजे नुसतं कमी आवाजात बोलणं नाही. आपण हळू बोलतो तेव्हा स्वर खाली उतरतो, शब्द सावकाश येतात आणि त्यांत थोडा श्वास मिसळतो.

"मग हे आज्ञावलीला सांग," काकू म्हणाल्या. "उघडी आहे ना!"

दोन महिने लागले. रोज शाळा सुटली की मी दुरुस्तीघरात. काकू एक ओळ लिहून दाखवायच्या, पुढच्या तीन मी लिहायच्या आणि त्यांतल्या दोन चुकायच्या. समोरचा माणूस हाताच्या अंतरावर असेल तर स्वर उतरव, वेग कमी कर, श्वास मिसळ, एवढंच सांगायचं होतं. मी ते मंडळाकडे पाठवलं. कुणीतरी अनोळखी माणसानं दोनदा परत पाठवलं, चुका दाखवून. दुसऱ्यांदा मला भयंकर राग आला, पण चूक खरंच होती. तिसऱ्यांदा त्यांनी ते घेतलं, आणि पुढच्या महिन्याच्या अपडेटमधून ते आण्णांच्या फोनमध्ये आलं. आण्णांच्याच नाही, तसा फोन गळ्यात असलेल्या सगळ्यांच्या.

त्या दिवशी आण्णा माझ्याशेजारी येऊन बसले. "ऐकू येतंय का गं?" त्यांनी विचारलं. अगदी हळू. बाबा स्वयंपाकघरात होते, त्यांना ऐकूसुद्धा गेलं नाही. मी मान हलवली.

आठवड्यानं मंडळाकडे एक पत्र आलं, ते त्यांनी मला धाडलं. बार्शीच्या एका काकांचं. त्यांची आई चाळीस वर्षं शाळेत प्रार्थना सांगायची, तिचा आवाजही कवायतीच्या मैदानावरच्या ध्वनिमुद्रणांतूनच घडवला होता. "काल तिनं माझ्या चार महिन्यांच्या मुलीला पहिल्यांदा अंगाई म्हटली आणि पोरगी झोपली," त्यांनी लिहिलं होतं. "हे कुणी केलं ते आम्हाला ठाऊक नाही. आभार."

मी ते आण्णांना वाचून दाखवलं.  ते म्हणाले, "उत्तर लिही. लिही की, माझा आवाज परत आला त्याचा मला आनंद झाला होताच. पण आमच्या पोरीनं तुमच्या आईला हळू बोलतं केलं, त्याचा जास्त झाला."

मी लिहायला घेतलं. मी तर नात आहे, म्हणून 'पोरीनं' खोडून 'नातीनं' केलं. मग आण्णा जसं म्हणाले होते, तसंच परत 'पोरीनं' लिहिलं आणि पत्र पाठवून दिलं.