बंदरावरचे रविवार

ऑक्टोबरच्या भर दुपारी, कामोठ्याच्या बाजारात, एका स्कूटरवरून लोकरीच्या टोप्यांचा पाऊस पडला.

लाल, पोपटी, जांभळ्या... पोतं उसवलं आणि टोप्या रस्ताभर पसरल्या. एक थेट कादंबरीच्या पायाशी येऊन पडली. ती गणिताचा क्लास संपवून घरी निघाली होती. घामाने ओढणी मानेला चिकटली होती.

"अहो, प्लीज... तेवढी उचला ना! रिक्षाखाली जाईल!"

स्कूटरवाला तरुण रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हातांनी रिक्षा थांबवत होता. कादंबरीने पाच-सहा टोप्या गोळा केल्या आणि त्याच्या हातात कोंबल्या.

"या उन्हात कोण घालतं हो या?"

"इथे कुणीच नाही." तो हसला. "पण बंदरात लागलेली बोट महिन्याभरात युरोपात पोचली, की खलाशी कानावर ओढून घेतील. आमच्या मंडळीतल्या बायका विणतात त्यांच्यासाठी."

"मंडळी म्हणजे... चर्चची?"

"हो, कळंबोलीच्या. का?"

"मीपण जाते चर्चला. म्हणजे... रविवारी सकाळी."

"आणि रविवारी दुपारी?"

"झोपते," कादंबरी प्रामाणिकपणे म्हणाली.

तो इतका मोकळा हसला, की तिलाही हसू आवरेना. "मग एक रविवार झोप मोडा. न्हावा शेव्याला आमचं केंद्र आहे, खलाश्यांसाठी. मी सुशांत. व्हॅन मीच चालवतो. कामोठ्याच्या सिग्नलला थांबेन."

ती जाणार नव्हती. अजिबात नाही. पण रविवारी जेवण झालं आणि डोळा काही लागेना...

केंद्र म्हणजे बंदराबाहेरच्या दोन खोल्या. कॅरम, वायफाय, चहाचं मोठं पातेलं आणि भिंतीवर साधा लाकडी क्रूस. महिनोन् महिने समुद्रावर असलेली माणसं इथे तासभर यायची, घरी व्हिडिओ कॉल लावायची, मुलांना आपली वाढलेली दाढी दाखवायची. कुणाला ऐकणारं माणूस हवं असायचं, कुणाला प्रार्थना. ज्याला काहीच नको असेल त्याला नुसता चहा. सगळा कारभार कुमुदमावशींच्या हातात होता. शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज तसाच वर्गात घुमणारा.

"इथे सेवा करायची तर एक ध्येय ठरवायचं," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "खलाश्यांसाठी नाही, स्वतःसाठी. प्रभूसमोर. वर्षभरात आपल्यात काय वाढायला हवं?"

देव कादंबरीच्या आयुष्यात होता, पण लांबच्या काकांसारखा. नाताळला भेटायचं, वाकून नमस्कार करायचा, पुन्हा वर्षभर ख्यालीखुशाली नाही.

"मला... चारचौघांत प्रार्थना करता येत नाही," ती हळूच म्हणाली. "मनात असतं सगळं. पण तोंड उघडलं की शब्दच सापडत नाहीत."

"ठरलं तर मग. आणि याचं ध्येय विचार याला."

सुशांतने मान खाली घातली. "ट्रेलरवाल्यांवर चिडायचं नाही."

त्याचं ध्येय किती अवघड होतं, ते तिला परतताना कळलं. उरण रस्त्यावर कंटेनर लादलेला एक अजस्र ट्रेलर इंडिकेटर न देता आडवा घुसला. सुशांतने करकचून ब्रेक दाबला, दात आवळले आणि म्हणाला, "प्रभू... याचं... भलं कर."

"हे शाप दिल्यासारखं वाटलं मला."

"शब्द बरोबर होते ना? सूर हळूहळू जमेल."

मग रविवारांची सवयच लागली. सिग्नलला पांढरी व्हॅन दिसली की कादंबरीची पावलं आपोआप भरभर पडायची. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ऑफिसात सुशांत आठवडाभर बिलं तपासायचा. म्हणे, फक्त रविवारी आपण माणसांत येतो. "तुम्ही"चं "तू" कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. आरशातून तो मागे बघायचा, आणि तिने नेमकं तेव्हाच पाहिलं की घाईघाईने म्हणायचा, "मागून ट्रक येतोय."

"ट्रक माझ्या सीटवर बसलाय का?"

त्याचे कान लाल व्हायचे. तिला ते फार आवडायचं.

नाताळच्या आधीचा एक रविवार असा आला, की सुशांत आलाच नाही. चुलतभावाच्या लग्नाला नाशिकला गेला होता. व्हॅन दुसऱ्या कुणी आणली. केंद्र तेच, पातेलं तेच. एक श्रीलंकन खलाशी तिला लेकीचे फोटो दाखवत होता, आणि कादंबरी... दाराकडे बघत होती. तो काय बोलला, त्यातलं एक अक्षरही तिने ऐकलं नव्हतं.

परतताना ती स्वतःशीच चरकली. मी इथे येते कुणासाठी?

पुढच्या रविवारी व्हॅनमधून उतरताना ती थांबली. "सुशांत, मी काही दिवस या गाडीने येणार नाही. तू व्हॅन घेऊन शनिवारी संध्याकाळी केंद्रावर जाणाऱ्या गटाबरोबर जाशील? प्लीज."

त्याचा चेहरा पडला. "माझं काही चुकलं का?"

"नाही रे. चुकलं असतं तर सोपं होतं." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी देवासाठी येते की तुझ्यासाठी... हेच मला कळेनासं झालंय. ते मला एकटीनेच शोधायला हवं."

तो म्हणाला, "ठीक आहे. शोध."

एवढंच. एकदाही मागे लागला नाही. तिला मात्र राहून राहून वाटायचं, थोडं तरी मागे लागायला हवं होतं...

ती बसने जाऊ लागली. पहिले काही रविवार अगदी रखरखीत गेले. चहा उकळायचा, कप विसळायचे, कॅरमच्या सोंगट्या लावायच्या. घरी आल्यावर आई शशिकलाने "कसं झालं गं?" विचारलं, तर "बरं" एवढंच निघायचं. पण ती जात राहिली. हळूहळू तिला माणसं ऐकू येऊ लागली. कुणाची बायको बाळंत व्हायची होती, कुणाला कंपनी घरी सोडत नव्हती. संध्याकाळी गच्चीवर बसून ती एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करायची. अजून मनातच.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी केंद्रावर ती एकटीच होती. कुमुदमावशी तापाने अंथरुणावर, चर्चचे पाळकसाहेब गावी. पाच-सहा खलाशी आत आले. त्यांच्यातला कुक फिलिपिन्सचा होता, जेमतेम पंचविशीचा. त्याने फोन लावला, दोन वाक्यं ऐकली आणि भिंतीला टेकून खालीच बसला. त्याचे वडील सकाळी गेले होते. त्याचं जहाज संध्याकाळी सुटणार होतं.

सोबती गोळा झाले. मोडक्या इंग्रजीत तो कादंबरीला म्हणाला, "सिस्टर, माझ्या वडिलांसाठी प्रार्थना कराल?"

सगळ्यांनी टोप्या काढल्या, माना झुकवल्या. कादंबरीने इंग्रजीत एक वाक्य सुरू केलं... ते अर्ध्यावरच तुटलं. मग तिने डोळे मिटले, त्या मुलाचा हात धरला आणि मराठीत बोलू लागली.

"प्रभू, हे लेकरू घरापासून फार लांब आहे. त्याला बापाला शेवटचं बघताही आलं नाही. तू तिथेही आहेस आणि इथेही आहेस. त्याच्या वाटचा निरोप तूच दे..."

एक शब्दही त्यांना कळला नसेल. पण तिच्या "आमेन"मागे सगळ्यांचं "आमेन" उमटलं. तो मुलगा तिचा हात धरून रडला, पोटभर रडला. मग उठून त्याने तोंड धुतलं आणि सगळ्यांसाठी चहा ओतला. जाताना म्हणाला, "माझी आई अशीच बोलते."

कप विसळताना कादंबरीच्या लक्षात आलं, आज आपण दाराकडे एकदाही पाहिलं नाही. सुशांत नसतानाही ती आली होती. तो पुन्हा कधी येणार नसता तरी आली असती. ही जागा तिची स्वतःची होती.

आणि तो हवाहवासा वाटत होताच. आता त्या ओढीची भीती मात्र वाटत नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळी तिने त्याला पनवेलच्या वडाळे तलावावर बोलावलं. तलावाभोवती लोक फेऱ्या मारत होते, पाण्यावर उतरतं ऊन. तो आला... दाढी वाढलेली, हातात भेळेचे दोन कागद.

"सापडलं?" त्याने विचारलं.

"सापडलं. मी देवासाठीच येते." ती थांबली. त्याच्या चेहऱ्यावरचा धीर सुटत चाललेला तिने नीट पाहून घेतला, मग म्हणाली, "तुझ्यासाठी आज आलेय. इथे."

भेळ तशीच राहिली. मग तो अवघडून म्हणाला, "मलाही काही सांगायचंय. कोचीच्या केंद्रावर वर्षभरासाठी माणूस हवाय. पूर्णवेळ सेवा. मला विचारलंय. मनापासून जायचं होतं, कादंबरी. आता... नाही म्हणून कळवतो."

"का?"

"का म्हणजे? तू आत्ताच तर..."

"सुशांत, मी गाडी सोडली तेव्हा तू मला अडवलंस?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग मी तुला अडवू? जा. मनापासून जा. फक्त त्याआधी घरी येऊन आईशी बोल. ती गेला महिनाभर विचारतेय, हल्ली ती पांढरी व्हॅन का दिसत नाही म्हणून."

तो हसला, तसाच मोकळा. आणि अगदी हळू, कुणी बघत नाहीसं पाहून, त्याने तिच्या बोटांवर बोटं ठेवली. "आवडतेस तू मला. टोप्या गोळा केल्यास तेव्हापासून."

"माहितीये," ती म्हणाली. "आरशात दिसायचं."

मार्चमध्ये दोन्ही घरांनी मिळून चर्चमध्ये मागणीचा कार्यक्रम केला. कुमुदमावशींनी प्रार्थना इतकी लांबवली, की पाळकसाहेबांना खाकरावं लागलं.

एप्रिलमध्ये, पनवेल स्टेशनवर केरळला जाणारी गाडी लागली. कादंबरीला रडू येईल असं वाटलं होतं. पण छातीत काहीतरी भरून आल्यासारखं होतं, रिकामं नव्हतं. सुशांत दारात उभा होता, खांद्याला बॅग.

"तिकडे मल्याळम शिकावं लागेल तुला," ती म्हणाली.

"शिकेन की. आधी कुठलं वाक्य शिकू?"

गाडी हलली. कादंबरी दोन पावलं सोबत चालली, मग हात तोंडाशी धरून ओरडली, "'माझं लग्न ठरलंय'... ते आधी शीक!"

दारातल्या दोन बायका वळून सुशांतकडे बघू लागल्या. त्याचे कान लाल झालेले तिला लांबूनही दिसले.