अकराव्या खोलीच्या पुढे

जुना कॉम्प्युटर वॉर्डात आणायची कल्पना माझीच होती. तेव्हा दोष द्यायचाच झाला तर आधी मला द्या.

मी हाताचे व्यायाम घेते. झटका येऊन ज्यांची एक बाजू लुळी पडलीय, त्यांच्या बोटांत पुन्हा जीव आणायचा, हे माझं काम. चेंडू दाबा, चिमटा उघडा, मणी उचला. मोठी माणसं याला वैतागतात. टॅब्लेटवरचे खेळ देऊन पाहिले, पण काचेला नुसतं बोट टेकलं तरी भागतं, जोर लावावाच लागत नाही. तेव्हा मला माहेरच्या माळ्यावरचा, दादाकडे पडलेला कॉम्प्युटर आठवला. त्याच्या कळा चांगल्या जाड, दाबल्या की आत जाणाऱ्या आणि खट् करून वर येणाऱ्या.

दादाला फोन केला तर तो हसला. "तो डबा अजून सुरू होतो? ने बाई. आणि फ्लॉपीवरचा खाणीचा खेळ चालला तर मला कळव."

खेळ चालला. व्यायामाची खोली वॉर्डाच्या अगदी टोकाला आहे. तिथे फिनेलचा वास नेहमीचाच, त्यात आता तापलेल्या धुळीचा वास मिसळला. यंत्र सुरू केलं की टेबल बारीक घुमायचं. काळा पडदा, हिरव्या रेषांच्या खोल्या आणि ठिपक्यांचा एक माणूस, हातात दिवा घेतलेला. दिव्यापुरतंच दिसायचं, बाकी अंधार. बाणाच्या कळांनी त्याला खोलीखोलीतून न्यायचं. पाणी चढलं, दिवा विझला, की पुन्हा पहिल्यापासून. लहानपणी दादा नि मी अख्ख्या सुट्ट्या या खेळात घालवल्या होत्या. अकराव्या खोलीत आमचा दिवा हमखास विझायचा. पुढे काय आहे, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

पहिले बसले ते घड्याळवाले काका. चाळीस वर्षं मनगटी घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. त्यांचा उजवा हात मांडीवर असा पडलेला असायचा, की कुणीतरी तिथे ठेवून विसरून गेलंय. मी तो उचलून कळांवर ठेवला आणि नेहमीप्रमाणे मनगटाखाली माझ्या हाताचा आधार दिला.

पाचेक मिनिटांनी तर्जनी हलली. खट्. दिवेवाला एक पाऊल पुढे गेला.

मला किती आनंद झाला, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. आठवड्याभरात आम्ही नवव्या खोलीत होतो. मी रोज फाइलमध्ये 'उत्तम प्रगती' असं लिहीत होते. काका मात्र गप्प असायचे, पडद्याकडे बघत. मला वाटायचं, रमलेत.

नवव्या दिवशी दुपारी जेवणानंतर आम्ही बसलो होतो. बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत लांब गेलं. मग फक्त खट्, खट्. दिवेवाला अकराव्या खोलीत शिरला. पाणी चढायला लागलं, तसा माझाच जीव वरखाली झाला. हात थांबला. मग उजवीकडे न जाता दिवेवाला सरळ भिंतीत घुसला, आणि भिंत उघडली. तिथे दार आहे, हे आम्हा भावंडांना कधी सुचलंच नव्हतं.

"काका, कसं कळलं तुम्हाला?"

मी वळून पाहिलं. काकांची मान छातीवर पडली होती. तोंड अर्धवट उघडं, बारीक घोरणं चाललेलं. आणि हात खेळत होता...

मी त्यांचा खांदा हलवला. ते दचकून जागे झाले. हात तिथल्या तिथे गळला.

"झोप लागली वाटतं," ते म्हणाले.

"काका, हात चालू होता तुमचा. झोपेत."

"हात? हात कुठे चालतोय माझा? ताई, तुम्हीच दाबताय ना माझ्या बोटांनी?"

"मी फक्त खालून धरते..."

"मला त्या हातात काही कळत नाही, स्पर्शसुद्धा. पहिल्या दिवसापासून नाही. मला वाटलं, तुमची पद्धतच असेल ती. तुम्ही इतक्या खूश दिसायचात, म्हणून बोललो नाही."

नऊ दिवस मी समजत होते की ते खेळताहेत, आणि ते समजत होते की मी. आम्ही दोघं कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत बसलो.

संध्याकाळी मी दादाला सगळं सांगितलं. दादाचं लक्ष भलत्याच गोष्टीकडे गेलं. "भिंत उघडून आत गेला? अगं, तो खेळ बाहेर पडायचा होता. खाण कोसळते, आणि दिवा घेऊन वर यायचं."

"नाही रे, आत जायचं असायचं. खाली, खाली."

"वर. मला चांगलं आठवतंय."

"मग आपण उलटं खेळत होतो का?"

"मी नव्हतो उलटं खेळत," दादा म्हणाला, आणि का कोण जाणे, त्याने विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी मी यंत्र सुरूच करणार नव्हते. पण काका स्वतः म्हणाले, "लावा. हात माझा आहे. तो कोण चालवतंय, हे मला कळायला नको?" त्यांचंही खरं होतं. तो हात परत आला तर ते पुन्हा दुकानात बसणार होते, नाहीतर दुकान बंद.

मी त्यांचा हात कळांवर ठेवला आणि माझे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले. काकांनी डोळे मिटले.

खट्. खट्. खट्.

हात कुठेही अडखळला नाही. अकरावी खोली, भिंत, मग नुसता एक लांब उतार. पाणीच नव्हतं तिथे. यंत्राचं घुमणं हळूहळू बारीक होत गेलं. उताराच्या तळाशी एक खोली होती, आणि तिच्या कोपऱ्यात पाच-सहा हिरवे ठिपके. काहीतरी छोटंसं बसलेलं. दिवेवाला त्याच्याजवळ जाऊन थांबला.

"काय दिसतंय?" काकांनी डोळे न उघडता विचारलं.

"कुणीतरी आहे... लहान."

"बोटं गरम लागतायत," काका हळूच म्हणाले. "ताई, मला बोटं कळतायत."

दिवेवाला मागे फिरला. ते छोटे ठिपके उठून त्याच्या मागे निघाले. दोघं उतार चढून गेले, एकेक खोली ओलांडत पहिल्या खोलीत आले आणि पडद्याच्या कडेबाहेर गेले. त्यानंतर तिथे रिकामी खोलीच राहिली. कुठलीही कळ दाबली तरी काही होईना. शेवटी मी वायर काढली.

काकांनी उजवा हात उचलून स्वतःच्या डोळ्यांपुढे धरला, मूठ वळली, उघडली, आणि रडायला लागले.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. माणसाला जाणवायच्या आधी मेंदू शिकायला लागतो. मी मान डोलावली. महिन्याभरात काका दुकानात बसायला लागले, केसाएवढे स्क्रू लावायला लागले. कॉम्प्युटर मी दादाकडे परत पाठवला. इतर पेशंटना चेंडूच देते.

परवा काकू तपासणीचे कागद न्यायला आल्या होत्या. मी विचारलं, हात कसा आहे?

"अगदी छान," काकू म्हणाल्या. कागद पिशवीत ठेवले, पण उठल्या नाहीत. "फक्त दुपारी पडतात ना, तेव्हा त्या हाताने थोपटतात. झोपेत. यांनी आमच्या मुलांना कधी थोपटलं नाही हो."

"बरं आहे की मग, तुम्हाला थोपटतात तर."

"मला नाही." काकूंचा आवाज एकदम खाली आला. "आमच्या दोघांच्या मध्ये जी जागा असते ना... तिथे थोपटतात. मी आधी हसले. आता गादी तिथे खोल व्हायला लागलीय."