बहात्तर हजार चित्रं आणि दहा मिनिटं

संगणकाच्या पडद्यावर आकडा झळकत होता : उरलेला वेळ, चार तास चाळीस मिनिटं. सावनीने तो दोनदा वाचला. खाली वाडीतल्या माणसांकडे तेवढा वेळ नव्हताच.

ही गोष्ट सन २०४३ मधली. बारा वर्षांची सावनी गवंडे दिवाळीच्या सुट्टीत गोदाआजीकडे आली होती. गोदाआजी म्हणजे तिच्या आजोबांची धाकटी बहीण, डॉ. गोदावरी गवंडे. ती भूशास्त्रज्ञ होती आणि सह्याद्रीतलं भोरकडा निरीक्षण केंद्र सांभाळत होती. केंद्र म्हणजे डोंगराच्या सोंडेवरच्या दोन खोल्या, छतावर उपग्रहाशी बोलणारी तबकडी आणि आत लिनक्स या प्रणालीवर चालणारा एक दणकट संगणक. समोरच्या कड्यावर एक सहापायी यंत्रमानव कातळाला चिकटून सरपटत असे. त्याचं नाव अर्थातच ‘घोरपड’. आणि कड्याच्या पायथ्याशी होती जांभूळमाळ वाडी. बासष्ट घरं, दोनशे बारा माणसं.

परतीच्या पावसाने तीन दिवस डोंगर झोडपून काढला होता. त्या सकाळी ऊन पडलं आणि घोरपडीला कड्यात एक भेग सापडली. करंगळी आत जाईल एवढी. तासाभरात ती तीन मिलिमीटरने रुंदावली.

शहरातले दरडतज्ज्ञ डॉ. इनामदार उपग्रह-फोनवर म्हणाले होते, “गोदाताई, वाडी तीनच्या आत रिकामी व्हायला हवी. पण वाटा दोन आहेत. पश्चिमेची गायमाळाची आणि पूर्वेची ओहोळाची. भेग कुठल्या दिशेने उतरते आहे त्यावर कडा कुठे कोसळेल ते ठरणार. मला चित्रफीत पाठवा. आमचा महासंगणक अर्ध्या तासात उत्तर देईल. तोवर कुणाला हलवू नका. चुकीच्या वाटेवर माणसं असताना कडा आला, तर…”



चित्रफीत तयार होती. घोरपडीने भेगेच्या कडेकडेने फिरून चाळीस मिनिटांचं चित्रीकरण केलं होतं. अडचण तिच्या आकाराची होती.

“नऊशे जीबी!” सावनी ओरडलीच. “आजी, चाळीस मिनिटांच्या व्हिडिओला एवढे?”

“घोरपड काही वगळत नाही ना. सेकंदाला तीस चित्रं काढते आणि प्रत्येक चित्राचा ठिपका न् ठिपका जसाच्या तसा ठेवते. चाळीस मिनिटांची किती चित्रं झाली?”

सावनीने मनात गुणाकार केला. “बहात्तर हजार.”

“पावसात आपली केबल तुटली. उपग्रहावरून हे सगळं पाठवायला चाळीस तास लागतील. म्हणून आधी एन्कोडिंग (चित्रफीत सांकेतिक भाषेत आटोपशीर बांधून लहान करणे) करायला हवं. लागोपाठच्या दोन चित्रांत फारसा फरक नसतो. कातळ तोच, गवत तेच. मग दर वेळी सगळं चित्र कशाला लिहायचं? एक चित्र पूर्ण लिहायचं आणि पुढच्यांत नुसतं लिहायचं, की हा तुकडा दोन ठिपके उजवीकडे सरकला, तो तिथेच आहे, इथे थोडी सावली पडली. शिवाय डोळ्याला कळणार नाहीत असे बारकावे गाळायचे. नऊशे जीबीचे तीन-चार होतात.”

“मग एवढा वेळ का?”

“कारण कुठला तुकडा कुठे सरकला हे शोधावं लागतं. प्रत्येक चित्रात, हजारो तुकड्यांसाठी. आपला प्रोसेसर (संगणकाचा मुख्य मेंदू) सेकंदाला चारच चित्रं उरकतोय. बहात्तर हजार भागिले चार.”

अठरा हजार सेकंद. पाच तास. पावणेअकराला सुरू केलेलं काम पावणेचारला संपणार होतं.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली. वाडीच्या सरपंच यमुनाबाई झोरे बोलत होत्या. “बाई, मान्सं गाठोडी बांधून दारात हुबी हायेत. गुरं सोडलीत. म्हातारीकोतारी गायमाळाच्या वाटेनंच जाऊ म्हनत्यात, ती सोपी पडती. काढू का?”

“नको, यमुनाबाई. अजून नको,” आजी म्हणाली. “मी सांगते. थोडा दम धरा.”

सावनी पडद्याकडे बघत राहिली. एका कोपऱ्यात संगणकाच्या प्रत्येक भागावर किती ताण आहे ते दाखवणाऱ्या पट्ट्या होत्या. प्रोसेसरच्या आठही पट्ट्या लालभडक, शंभर टक्के. त्यांच्या खाली आणखी एक ओळ होती : ग्राफिक्स कार्ड. आणि तिच्यात बारीक अक्षरांत ‘व्हिडिओ एन्कोड : शून्य टक्के’.

“आजी, हे शून्य कशाचं?”

“ते कार्ड कड्याचे त्रिमिती नकाशे रंगवायला आहे गं. त्यात हजारो छोटे गणकभाग असतात. सगळे एकदम रंग भरतात.”

“पण इथे व्हिडिओ एन्कोड लिहिलंय!”

आजीने चष्मा वर सरकवला, ओळ वाचली आणि घाईघाईने कार्डाची माहितीपुस्तिका पडद्यावर उघडली.

“अगं बाई… त्या हजारो गणकभागांखेरीज या कार्डावर एक वेगळी चकती आहे, चिप म्हणतात ती. बाजरीच्या दाण्याएवढी. तिला नकाशा रंगवता येत नाही, बेरीज सांगता येत नाही, काही म्हणजे काही येत नाही. तुकडे शोधायचे आणि चित्रफीत बांधायची, एवढं एकच काम तिच्या तारांतच कोरून ठेवलंय. प्रोसेसरला सगळं येतं, पण प्रत्येक पायरी सूचना वाचून करावी लागते. हिला वाचायला काही नाहीच. चित्र एका बाजूने आत, बांधलेलं दुसऱ्या बाजूने बाहेर. सेकंदाला एकशेवीस चित्रं!”

“चाराऐवजी एकशेवीस?” सावनीचा विश्वासच बसेना. “म्हणजे तीसपट?”

“दहा मिनिटं,” आजी पुटपुटली. “सहा वर्षं हे कार्ड माझ्या टेबलाखाली आहे, सावनी. सहा वर्षं मी तासन् तास वाट बघत बसले. आज्ञा देताना कार्डाचं नाव घेतलं नाही, तर प्रोग्रॅम आपलं काम प्रोसेसरलाच देतो. मी कधी नावच घेतलं नाही.”

तिने कार्डाच्या एन्कोडरचं नाव घालून नवी आज्ञा टाईप केली. पडद्यावर लगेच उत्तर आलं : उपकरण उघडता आले नाही. परवानगी नाकारली.

आजीने कपाळावर हात मारला. “बिघडलंय वाटतं. ती चकती न वापरता पडून राहिली ना.”

सावनीने ती ओळ पुन्हा वाचली. “बिघडलं असतं तर ‘सापडले नाही’ म्हणालं असतं ना? हे तर परवानगी म्हणतंय. म्हणजे ते आहे आणि आपल्याला आत घेत नाहीये.”

आजीने चमकून तिच्याकडे पाहिलं. “बरोबर! लिनक्समध्ये प्रत्येक यंत्रभाग एखाद्या फाईलसारखा दिसतो. त्याच्याशी बोलायला ड्रायव्हर (यंत्रभागाची भाषा जाणणारा दुभाषा प्रोग्रॅम) लागतो, तो आपल्याकडे आहे. पण ती फाईल कुणी उघडायची याचीही यादी असते. ‘रेंडर’ नावाचा गट. माझं खातं मीच बनवलं होतं आणि त्या गटात घालायचं राहून गेलं.”

“मग घाल आता!”

“घालते. पण यादी नव्याने वाचली जाण्यासाठी मला खात्यातून बाहेर पडून परत आत यावं लागेल. बाहेर पडले की चालू काम बंद पडणार. झालेलं सगळं वाया जाईल.”

घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. दहा टक्के काम झालं होतं.

“आणि कार्ड चाललंच नाही तर?” सावनीने हळूच विचारलं.

“तर पहिल्यापासून पाच तास.”

“पण आत्ताचंही वेळेवर होणार नाहीच आहे, आजी.”

 आजीने गटात आपलं नाव घातलं आणि खातं बंद केलं. लाल पट्ट्या विझल्या. ती परत आत आली. या वेळी शहाणपणाने तिने आधी पाच सेकंदांचाच नमुना बांधायला दिला.

दोघींनी श्वास घेण्याआधी तो बांधून झालाही होता! सावनी आनंदाने टाळी वाजवणार, तोच नमुना पडद्यावर उघडला आणि तिचे हात हवेतच थांबले.

कातळ होता. गवत होतं. भेगेचं खालचं टोक मात्र नाहीसं झालं होतं. जिथे केसाएवढी रेघ असायला हवी होती, तिथे नुसता गुळगुळीत करडा डाग.

“गेली! आजी, भेगच गेली!” सावनीने त्या डागावर बोट ठेवलं. हे पाठवलं असतं तर? महासंगणकाने तिकडे भेगच नाही असं धरलं असतं.

“वेगाची किंमत आहे ही,” आजी सावकाश म्हणाली. “प्रोसेसर प्रत्येक तुकड्यासाठी खूप जागा धुंडाळतो, म्हणून थोड्या जागेत चांगलं चित्र बसवतो. ही चकती घाईची आहे, थोडंच धुंडाळते. तेवढ्याच जागेत बसव म्हटलं की बारकावे फेकते.”

“मग तिला जास्त जागा दिली तर?”

आजीने बिटरेट (प्रत्येक सेकंदाच्या चित्रासाठी दिलेली माहितीची जागा) दुप्पट केला. तीनऐवजी सहा जीबीची फाईल होणार होती. पाठवायला आठाऐवजी सोळा मिनिटं. पुन्हा पाच सेकंदांचा नमुना. सावनीने नाक पडद्याला टेकवलं. रेघ होती. केसाएवढी, काळी, अगदी टोकापर्यंत.

अकरा पस्तीसला पूर्ण काम सुरू झालं. आकडे इतके भराभर पळू लागले की सावनीला ते वाचताही येईनात. आठही पट्ट्या जवळजवळ रिकाम्या आणि खालची ती एकच ओळ, आतापर्यंत शून्यावर बसलेली, शंभरावर. अकरा पंचेचाळीसला काम संपलं. बारा वाजून एक मिनिटाने फाईल शहरात पोहोचली.

साडेबारा उलटून गेल्यावर फोन वाजला. डॉ. इनामदार होते. “गोदाताई, भेग खाली पश्चिमेला वळते. कातळाची अख्खी फळी गायमाळावर येणार. माणसं ओहोळाच्या वाटेने काढा. आत्ता!”

आजीने वॉकीटॉकी उचलली. सगळी वाडी गायमाळाचीच वाट धरणार होती. सोपी म्हणून.

“यमुनाबाई, ओहोळाची वाट! गायमाळावर एक माणूस, एक शेरडूसुद्धा जाता कामा नये!”

“अवघड हाय बाई ती वाट. पर काढते. उचलून काढते.”

केंद्राच्या खिडकीतून सावनी दुर्बिणीने बघत होती. रंगीत ठिपक्यांची एक ओळ ओहोळाच्या कडेने हळूहळू उतरत गेली. कुणी पाठीवर म्हातारं घेतलं होतं, कुणी खांद्यावर पोर. दोन चाळीसला यमुनाबाईंचा निरोप आला, “दोनशे बारा. मोजली. समदी पल्याड हायेत.”

तीन वाजून वीस मिनिटांनी कडा सुटला.

आधी आवाज आलाच नाही. एक प्रचंड काळी फळी नुसती कलली आणि गायमाळावर उतरली. मग जमीन हादरली, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि धुळीचा लोट ढगासारखा वर आला. धूळ बसली तेव्हा गायमाळाची वाट उरलीच नव्हती. वाडीची पश्चिमेकडची नऊ घरं दगडांखाली गेली होती.

 सावनीने घड्याळाकडे पाहिलं. प्रोसेसरच्या भरवशावर राहिलो असतो, तर तो या क्षणी अजून चित्रफीत बांधतच असता. पंचवीस मिनिटं बाकी असती.

“तेच यंत्र, तोच संगणक,” ती म्हणाली. “नवीन काहीच आणलं नाही आपण.”

“नाही. आपल्याकडे काय आहे ते विचारलं, बस.” आजीने तिला जवळ ओढलं. “आणि ते विचारायला मला सहा वर्षं लागली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सावनी आजीच्या खुर्चीत बसून एक लांबलचक पत्र टाईप करत होती. सह्याद्रीत कडे राखणारी अशी आणखी अकरा केंद्रं होती. कार्डाचं नाव घ्या, खातं गटात घाला, आधी पाच सेकंदांचा नमुना बघा आणि भेगेचं टोक दिसेपर्यंत बिटरेट वाढवा, असं तिने एकेक पायरी समजावून लिहिलं. दुपारपर्यंत नऊ केंद्रांची उत्तरं आली. आठ ठिकाणी ती ओळ शून्यावरच बसलेली होती.

दहावं उत्तर संध्याकाळी आलं. त्यात पत्र असं नव्हतंच. फक्त एका दूरच्या, सुरक्षित उभ्या असलेल्या कड्याची चित्रफीत होती, गवताची पाती न् पाती दिसेल इतकी स्वच्छ, आणि खाली लिहिलं होतं : ‘बांधायला लागलेला वेळ, नऊ मिनिटं.’