सदतीस नंबरचा आवाज

ही हकिगत मी शनिवारी, ८ नोव्हेंबर २०२५ रोजी रात्री दहानंतर ऐकली. सांगणारे भार्गवकाका मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झालेले आणि रायपुरात आमचे घरमालक. ऐकणारे आम्ही तिघे: मी, काकांचा पुतण्या पियुष आणि त्याची बहीण पिंकी. वीज गेली होती, म्हणून गच्चीवर बसलो होतो. काकांच्या म्हणण्याप्रमाणे हे सारे त्यांचा वर्ध्याकडचाच मित्र सुधाकर याच्या बाबतीत घडले. शक्य तितके त्यांच्याच क्रमाने लिहीत आहे.

सुधाकर रायपुरातच सदर बाजारामागच्या एका चार मजली हॉटेलात टीव्ही आणि विजेचे काम पाहत असे.

"हॉटेलात खोलीखोलीले वेगळा सेटटॉपचा डबा नसते बरं," काका म्हणाले. "गच्चीवर डिशच्या छत्र्या. तिथून वायर खाली, जिन्याखालच्या खोलीत. तिथं एका चॅनेलले एक डबा. साठ चॅनेल, साठ डबे. मग सगळ्यांची मिळून एक वायर वर जाते, बेचाळीस खोल्यांत. खाली एक बटण फिरवलं का त्या चॅनेलचा आवाज बेचाळीसही खोल्यांत वाढते."

"मतलब सुधाकरकाका पूरे होटल का रिमोट थे," पिंकी हसली.

"हव. अन् त्याले त्याचाच घमंड होता."

बुधवार, १७ जानेवारी २०२४. संध्याकाळी सात वाजता सुधाकर तीनशे बारामध्ये गेला, तो एका साध्या तक्रारीसाठी. खोलीत बाबाराव नावाचे सत्तरीपुढचे गृहस्थ आणि त्यांची पत्नी पद्मिनी उतरले होते. पुलगावचे. पद्मिनीबाईंना दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात दाखवायचे होते. सदतीस नंबरवर मराठी चॅनेल लागत होते, पण आवाज कमी होता.

"माह्यं तं इनं चाळीस वर्षांत ऐकलं नाही," बाबाराव म्हणाले. "टीव्हीचं मात्र बरोबर ऐकते. रात्रभर चालू पाह्यजे. झोपतही त्याच्याच आवाजात."

पलंगावरून बाई म्हणाल्या, "ऐकण्यासारखं बोलावं मंग मानसानं."

सुधाकर मनापासून हसला. परमुलखात आपल्या बोलीची माणसे भेटली की जीव सैल होतो. खाली जाऊन त्याने आवाज वाढवला आणि वर फोन करून विचारले. बाबाराव खूश झाले. तेव्हा सुधाकरने त्यांना सांगितले, "रिसेप्शनच्या भानगडीत पडू नका, काका. काही लागलं तं सरळ नऊ नंबर फिरवा. रातभर मीच असतो इथं."

साडेनऊला फोन आला. पुन्हा आवाज कमी वाटत होता. सुधाकरने जिन्याखालच्या खोलीतल्या आपल्या खाटेवरून न उठता हात लांब करून बटण फिरवले.

दोन वाजून दहा मिनिटांनी तिसरा फोन आला.

"भाऊ... आवाज येऊन नाही राहिला..."

बाबारावांनी "आवाज"च्या आधी "हिचा" म्हटले की "ह्याचा", हे सुधाकरला पुढे कधीच ठरवता आले नाही. बायकोचा की टीव्हीचा, एवढ्याशा अक्षराचा फरक. रायपूरच्या दुसऱ्या कोणाला तो कळला नसता, तर दोष नव्हता. सुधाकर त्याच बोलीत वाढलेला. पण डोळ्यांवर झोप होती आणि हात बटणावर. त्याने ते शेवटपर्यंत फिरवले. फोनमध्ये मालिकेचे संगीत दणदणू लागले.

"आता येते नं, काका?"

म्हातारा काहीतरी बोलत होता. बरेच बोलत होता. त्या संगीतात एक शब्द कळेना.

"सकाळी येऊन पाहतो," असे म्हणून सुधाकरने फोन ठेवला.

सकाळी सहाला चहावाल्याने तीनशे बाराचे दार ठोठावले. पद्मिनीबाई रात्रीच गेल्या होत्या. बाबाराव त्यांचा हात धरून खुर्चीत बसले होते. गुडघ्यांनी अधू, तीन मजले उतरण्याची सोय नव्हती, आणि तिला सोडवतही नव्हते. टीव्ही तसाच ओरडत होता.

मालकांनी सर्वांसमोर विचारले, "रात को कोई फोन आया था?"

सुधाकर म्हणाला, "नाही."

बाबारावांनी फक्त वर पाहिले. गाडीत बसताना सुधाकरचा दंड धरून म्हणाले, "तुम्ही तरी काय करसान, भाऊ... तुम्ही तं आवाज वाढवला."

"शिवी दिली असती तं बरं झालं असतं," काका म्हणाले. पिंकी हसत नव्हती.

त्यानंतर सुधाकरने काम सोडले नाही. फक्त तिसऱ्या मजल्यावर जाणे सोडले. तिथली तक्रार आली की दुसऱ्याला पाठवी. घरी बायकोने टीव्हीचा आवाज जरा वाढवला, तरी उठून बाहेर जाई. हे "काहून" असे तिने विचारले. त्याने सांगितले नाही.

रविवार, २२ डिसेंबर २०२४. कडाक्याची थंडी. रात्री अर्धे हॉटेल रिकामे होते. दोन वाजून दहा मिनिटांनी जिन्याखालचा फोन वाजला.

छोट्या पडद्यावर आकडा होता. तीनशे बारा.

सुधाकरने उचलला. पलीकडे कोणी नव्हते. मग... श्वास. म्हाताऱ्या माणसाचा.

"भाऊ..."

त्याने रिसेप्शनवर धाव घेतली. तिथे रात्रपाळीचा अश्विन जागा होता. "तीनशे बारा? भैया, चाबी तो यहीं टंगी है. दो दिन से खाली है."

सुधाकर परत डब्यांच्या खोलीत आला. फोन तसाच लोंबत होता. त्यातून हळू... "येऊन नाही राहिला..."

हात सवयीने बटणाकडे गेला.

बोटे बटणाला लागली. थांबली.

त्याने हात मागे घेतला. रिसेप्शनवरून किल्ली घेतली. जिना चढू लागला.

पहिला मजला. दुसरा. तिसऱ्यावरचा दिवा लागत नव्हता. दाराखाली निळसर उजेड हलत होता. त्याने कुलूप उघडले.

किल्लीला अडकवलेले कार्ड भिंतीतल्या खाचेत घातल्याशिवाय खोलीत वीज येत नाही. ती जोडणी त्याचीच. कार्डाची खाच रिकामी होती.

टीव्ही चालू होता. सदतीस नंबर. माणसे बोलत होती, ओठ हलत होते. आवाज... नव्हता.

पलंग नीट लावलेला. कोणी नाही.

"काकू," सुधाकर म्हणाला.

काही नाही.

"फोन आला होता. त्या रात्री. मी उचलला होता... अन् मी खोटं बोललो."

टीव्ही विझला.

अंधार.

तो पळाला नाही. काकांनी हे दोनदा सांगितले. टेबलावरच्या पाण्याच्या सीलबंद बाटलीचे बूच त्याने चाचपडत फोडले, शेवटचे पाणी म्हणून पेला काठोकाठ भरला आणि उशाशी ठेवला. मग खुर्ची ओढून पलंगाजवळ बसला. उजाडेपर्यंत तिथेच बसला होता. सकाळी खाली उतरून आधी मालकांना खरे सांगितले. नोकरी गेली.

"अन् पानी?" पियुषने विचारले. "पी लिया था किसी ने?"

"नाही. एक थेंब कमी नव्हता." काका म्हणाले. "पण वर तुळशीचं पान तरंगत होतं. हिरवंगार. नुकतं खुडल्यावानी."

पुढच्या आठवड्यात मी ते हॉटेल पाहून आलो. जिन्याखालची खोली आहे. सदतीस नंबरवर मराठी चॅनेल लागते. गच्चीवर छत्र्यांखेरीज काही नाही. आवारात कुंडीसुद्धा नाही. अश्विनने किल्लीबद्दलच्या बोलण्याला दुजोरा दिला. पान त्याने स्वतः पाहिले होते.

एकच भाग मला पडताळता आला नाही. हॉटेलच्या नोंदीतला पुलगावचा फोन आता बंद आहे, आणि तिथे ओळखीचे कोणी सापडले नाही. त्या रविवारी रात्री बाबाराव हयात होते की नव्हते, हे मला अजून कळलेले नाही.